मुंबईचा खालिद जमील : खेळाडू ते राष्ट्रीय प्रशिक्षक

उंटरश्लाइसहाइममध्ये एसव्ही लोहोफसारख्या क्लबच्या मैदानावर तुम्ही मुलांना सरावाला सोडता, तेव्हा "आपल्याकडे फुटबॉलमध्ये कोण आहे?" असं मुलं कधीतरी विचारतातच. आज त्याचं एक उत्तर, मुंबईतून.

खालिद जमील यांचा जन्म १९७७चा, कुवेतमधला. पण खेळाडू म्हणून ते नावारूपाला आले मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. मात्र दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि २००९ साली, बत्तिसाव्या वर्षी खेळणं थांबलं. त्याच वर्षी मुंबई एफसीने संघ त्यांच्या हाती दिला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू थोडे. तरी सात हंगाम त्यांनी संघाला वरच्या श्रेणीत टिकवलं. २०१६मध्ये हा क्लब सुटला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

खालिद तोवर मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे होते. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. त्याला पुन्हा सामावून घेतलं गेलं होतं. तुम्हाला इथलं कैझर्सलाउटर्न ठाऊक असेल : खालून वर येऊन लगेच, १९९८ साली, बायर्नला मागे टाकणारं. त्यांचे प्रशिक्षक ओटो रेहागेलही पूर्वी त्याच क्लबचे खेळाडू. ऐझॉलचं तसंच झालं. २२ एप्रिल २०१७ला मोहन बागानवर १-० विजय, ३० एप्रिलला शिलाँग लाजोंगशी १-१ बरोबरी, आणि अवघ्या एका गुणाने आय-लीगचं विजेतेपद! ईशान्य भारतातल्या क्लबचं हे पहिलंच.

एवढं करूनही इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परदेशी माणसालाच मिळे. २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात खालिदना हंगामी म्हणून नेमलं. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला, तेव्हा ते पद कायम झालं. त्या लीगमधले ते पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक.

१ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. गोव्याच्या साव्हिओ मदेरांनंतर, तेरा वर्षांनी, पुन्हा भारतीय प्रशिक्षक. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवलं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि २०२७चा आशिया चषक हुकला.

म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही. पण दुखापतीने किंवा निवड न झाल्याने तुमच्या घरातलं कुणी हिरमुसलं असेल, तर त्याला खालिदचं २००९ साल जरूर सांगा. खेळणं थांबलं, तिथूनच त्यांचं मोठं काम सुरू झालं.