घोयरा पाळण्यापूर्वीं

एखादा प्राणी घरीं आणण्यापूर्वीं त्याच्याविषयीं काय जाणून घ्यावें, असें कोणीं विचारलें तर आम्ही सांगूं: जुन्या शहाण्या माणसांनीं त्याच्याविषयीं जें जें चुकीचें लिहून ठेविलें आहे, तें आधीं वाचावें. इंग्रजींत ज्याला कॅमिलिअन म्हणतात, आणि ज्याच्या आपल्याकडील जातीला घोयरा हें नांव आहे, त्या सरड्याच्या बाबतींत हें वाचन बरेंच लांबेल.

आरंभ मात्र चांगला झाला होता. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं ॲरिस्टॉटलनें त्याचे चहूंकडे फिरणारे डोळे, दुभागलेले पंजे, संथ चाल आणि रंगपालट यांचें बारकाईनें वर्णन केलें. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें कीं, हा प्राणी खातही नाहीं व पीतही नाहीं. केवळ वायूवर जगतो. झालें! पुढील दीड हजार वर्षें विद्वान् हेंच वाक्य एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेत राहिले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटनेंही आपल्या उपरोधासाठीं तें वापरलें आहे. तो प्रवेश शिकवितांना आम्ही दरवर्षीं तें स्थळ विद्यार्थ्यांना समजावून देतों, आणि दरवर्षीं मनांतून किंचित् खजील होतों. त्याचें कारण पुढें येईल.

या समजुतीच्या मुळाशीं निव्वळ मूर्खपणा होता असें मात्र म्हणवत नाहीं. या प्राण्याला देहाची ऊब बाहेरूनच मिळते. त्यामुळें थोडक्या अन्नावर तो पुष्कळ दिवस काढतो. चिडला कीं छातींत हवा भरून फुगतो. त्याची जीभ देहाहूनही लांब पल्ल्यावर जाते आणि निमिषार्धांत परत येते. पाहणाऱ्याला माशी होती आणि आतां नाहीं, एवढेंच कळतें. पाण्याची गोष्ट तर याहून फसवी आहे. सांचलेलें पाणी हें पाणी आहे, असें त्याला सहसा उमगतच नाहीं. तो पानांवरील दंव आणि पावसाचे थेंब चाटतो. भरल्या वाटीपुढें तो तहानलेला बसला, तर पाहणाऱ्यानें काय समजावें?

१६४६ सालीं टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्यानें लोकभ्रमांवरील आपल्या ग्रंथांत सरळ विचारलें कीं, वायूवरच जगावयाचें तर या जिवाला पोट आणि अशी जीभ कशाला? पॅरिसमध्यें क्लोद पेरो यानें १६६९ त त्याचें शरीरविच्छेदन प्रसिद्ध केलें. (परीकथा लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ.) त्याच नगरींत १६७२ त मादलेन द स्क्युदेरी या लेखिकेकडे अलेक्झांड्रियाहून कॅमिलिअन आले. तिनें ते पाळले व त्यांची हकीकत १६८८ त छापली. पेरोला त्याची आंतडीं पाहावयाचीं होतीं, हिला त्याचा स्वभाव. आम्हांला विचाराल तर पाळणाऱ्याला दोन्ही ठाऊक असावीं.

आम्हांला दोन्ही ठाऊक नव्हतीं. महाविद्यालयांत शिकत असतां एका मित्रानें बांधावरून घोयरा पकडून आणला. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें असा प्राणी पकडणें व बाळगणें निषिद्ध आहे, याची आम्हांला दादही नव्हती. आम्हीं तो कांचेच्या बरणींत ठेविला, बरणी खिडकींतल्या उन्हांत मांडली, आंत नाकतोडे सोडले आणि पाण्याची वाटी ठेविली. दिवसेंदिवस तो काळवंडत गेला. भोंवतालच्या वस्तूसारखा रंग तो घेतो, असें आम्हीं ऐकलें होतें. म्हणून आम्ही बरणीखालीं हिरवा कागद घालून पाहिला! पांचव्या दिवशीं तो मेला. वाटी कांठोकांठ भरलेली होती.

त्याचा रंग पार्श्वभूमीपेक्षां ऊब, भीति, राग यांनींच अधिक बदलतो. त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीअधिक झाल्यानें हें घडतें, असें जिनीव्हा येथील संशोधकांनीं २०१५ त दाखविलें. म्हणजे तो काळा रंग ही तक्रार होती. साध्या कांचेंतून ऊन आंत येतें, परंतु हाडांना चुना पचविण्यासाठीं ज्या अतिनील किरणांची गरज असते, ते बहुतांशीं बाहेरच राहतात. बरणी मात्र तापते.

युरोप-अमेरिकेंत येमेनकडील जातीचीं बंदिवासांतच जन्मलेलीं पिलें लोक पाळतात. तेथें जाणता माणूस प्राणी आणण्यापूर्वीं कित्येक आठवडे पिंजराच चालवून पाहतो. उंच जाळी, जिवंत झाडें, पानांवर ठिबकणारें पाणी, अतिनील किरणांचा दिवा. एक कोपरा उबदार, दुसरा थंड. एका पिंजऱ्यांत एकच प्राणी, आणि हाताळणें जवळजवळ नाहींच. एवढें करूनही तो माणसाळेल अशी आशा धरूं नये.

आपल्याकडे कायद्यानें ही सारी यातायात वांचविली आहे. गेल्या पावसाळ्यांत महाविद्यालयाच्या कुंपणाशीं करवंदीच्या जाळींत आम्हांला एक घोयरा दिसला. पाऊस नुकताच थांबला होता. एक डोळा आमच्यावर रोखून तो पानाच्या टोंकावरील थेंब चाटत होता. एक झाला कीं दुसरा, सावकाश. छत्री मिटून आम्ही तें मोजीत उभे राहिलों. सोळाव्या थेंबाला तासाची घंटा झाली.