ध्वनिमुद्रक आणि आपला न लिहिलेला इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण येते ती कागदाची. दप्तर ज्यांच्या हाती होते त्यांनी आपली नोंद केली ती वतन, सारा आणि गुन्हा यांच्यापुरती. आजोबाचे नाव वतनाच्या कागदात सापडते. तो काय बोलला, ते सापडत नाही. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांचा इतिहास कंठात राहिला, आणि कंठ माणसाबरोबर जातो.

आवाज धरून ठेवण्याची विद्या तशी जुनीच. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्याच्या चारच वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. पण जोतीरावांचा वा सावित्रीबाईंचा आवाज आपल्याजवळ नाही. पुढे ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या निमित्ताने ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. बोलीचा नमुना म्हणून ठिकठिकाणच्या माणसांकडून बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट वदवून घेतली गेली. बोली त्यांची, गोष्ट मात्र दुसऱ्याची! यंत्र असणे वेगळे आणि ते कुणाच्या हातात आहे हे वेगळे.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढच्या दोन दशकांत ती वस्तीपर्यंत पोचली. भीमगीते घरोघर वाजू लागली. आपण ऐकणारे झालो. पण आपल्याच म्हाताऱ्यांना ऐकण्यासाठी हे यंत्र आपण क्वचितच लावले. आमच्या घरात चुलत्याने एका रात्री आजोबांचा जलसा साठ मिनिटांच्या कॅसेटवर धरला होता. नवी कॅसेट घेण्यास पैसे नव्हते म्हणून वर्षभराने तिच्यावरच सिनेमाची गाणी भरली गेली. तोवर आजोबा गेले होते. दोष कुणाला द्यायचा? तो आवाज हा दस्तऐवज आहे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते.

म्हणूनच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ सालचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मला मोलाचे वाटते. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून ते सिद्ध झाले. विचारणारे आपले असले की उत्तरही वेगळे येते.

हे मनात ठेवून मी दोन हजारांच्या आतला, मुठीत मावणारा ध्वनिमुद्रक घेतला. दोन पेन्सिल सेल आणि चार गिगाबाइटची स्मृती. साध्या एमपीथ्रीत साठ तासांहून अधिक बोलणे मावते. उत्तम प्रतीच्या मुद्रणात जेमतेम सहा तास. मोबाइल असताना हे कशाला, असे सहकाऱ्यांनी विचारले. मोबाइल मध्येच वाजतो आणि बोलणाऱ्याचा धागा तुटतो, हे एक कारण. पहिल्या मुलाखतीत मी तो टेबलावर पंख्याखाली ठेवला. घरी येऊन ऐकले तर पंख्याचीच मुलाखत झाली होती! आता पंखा बंद करतो, यंत्राखाली घडी घातलेला रुमाल ठेवतो आणि आरंभी तारीख व गाव स्वतः बोलतो.

पण खरा धडा यंत्राचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या भागातील वस्त्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही संपवली. कायदा ग्रंथालयात मिळतो. ढोर ओढायचे नाकारल्यावर गावाने काय केले, ते तिथे मिळत नाही. ते विचारण्यास मी एका आजीकडे गेलो. पाणी कसे तोडले, दळण कसे बंद केले, सारे तिने सांगितले. मारणाऱ्याचे नाव ओठावर आले तशी ती थांबली.

"लेकरा, ते आधी बंद कर. त्येचा नातू आज गावात मोठा हाय. माझा नातू त्येच्याच ट्रॅक्टरवर हाय."

मी बंद केले. मग तिने नाव सांगितले. पुन्हा सुरू केल्यावर मी एवढेच बोललो : "येथे आजीच्या सांगण्यावरून मुद्रण थांबवले होते."

तो खंड हाही इतिहासच आहे. सहा दशकांनंतरही नाव उच्चारण्याची किंमत कोण मोजतो, हे त्या खंडातून ऐकू येते. तिच्या संमतीवाचून ते नाव छापणे म्हणजे दप्तरवाल्यांचीच रीत आपण गिरवणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाने आपल्या घरातील एक म्हातारे माणूस गाठा. मुद्रण दोन जागी जपा, एक प्रत त्या घरी द्या आणि त्यांनी थांब म्हटले की थांबा. वाट पाहायला वेळ नाही. १९५६ साली जे वीस वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत.