घरचें दफ्तर : रुमालापासून तबकडीपर्यंत

दफ्तर हा शब्द आज शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरील पिशवीपुरता उरला असला, तरी त्याचा जुना अर्थ मोठा आहे. हिशेबाचे बंद, सनदा, खतें, पत्रें हीं एका चौकोनी कापडांत बांधून ठेवीत; त्या गाठोड्यास रुमाल म्हणत, आणि असे रुमाल जेथें रचलेले असत त्या संग्रहास दफ्तर. वतनाचा वाद निघाला कीं रुमालांतील एखाद्या चतकोर कागदावर सबंध घर उभें राही किंवा कोसळे. आजच्या शहरी घरांत तो रुमाल शोधूं गेल्यास कपाटाच्या खणांत, पासपोर्ट आणि बँकेचीं पुस्तकें यांच्या शेजारीं, खिशांतल्या रोजनिशीएवढी एक काळी डबी हातीं लागते. तिला एक आंखूड तार असते. मुलांचीं बाळपणापासूनचीं छायाचित्रें, लग्नाचें चित्रण, घराच्या खरेदीखताची प्रत, आजोबांचा टिपून ठेवलेला आवाज, प्राप्तिकराचे तक्ते, हें सारें तिच्यांत असतें. पोर्टेबल हार्ड डिस्क हें तिचें रूढ नांव. हें घरचें दफ्तर तेथवर कसें पोंचलें, आणि तें तेथें कितपत सुरक्षित आहे, याचा इतिहास फार जुना नसला तरी मोठा मनोरंजक आहे.

लोहचुंबकाच्या साहाय्यानें कांहीं तरी लिहून ठेवावें ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. डेन्मार्कमधील वाल्देमार पोल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर आवाज उमटविणारें यंत्र सिद्ध केलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचे शब्द त्यावर घेण्यांत आले, आणि ती तार जपलेली असल्यानें ते शब्द आजहि ऐकतां येतात. पुढें तारेची जागा फितीनें घेतली. पण तार काय किंवा फीत काय, दोहोंचा दोष एकच: मधला मजकूर हवा असेल तर आधींची सारी फीत उलगडावी लागे. पोथीचें पान हवें तेथें उघडतां येतें, फितीचें येत नाहीं. संगणक आले तेव्हां कचेऱ्यांची अडचण नेमकी हीच होती. गिऱ्हाइकाचें खातें पाहावयाचें तर भोंकें पाडलेल्या कार्डांचे ढीग चाळावे लागत, किंवा फीत फिरतां फिरतां तें खातें येईपर्यंत वाट पाहावी लागे.

या अडचणीवर उपाय शोधण्यासाठीं आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें १९५२ सालीं रेनल्ड जॉन्सन याला कॅलिफोर्नियांतील सॅन होजे गांवीं पाठविलें. हा गृहस्थ मूळचा मिशिगनमधील शाळामास्तर. विद्यार्थ्यांनीं पेन्सिलीनें केलेल्या खुणांवरून उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र त्यानें बनविलें होतें, आणि त्या यंत्रामुळेंच तो कंपनींत आला होता. सॅन होजेंत त्यानें तरुण माणसें गोळा केलीं व त्यांना जवळजवळ मोकळें सोडलें. ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या तबकड्या एकावर एक रचून फिरवाव्या, व एका दांड्यानें हव्या त्या तबकडीच्या हव्या त्या कड्यापाशीं जाऊन मजकूर वाचावा, हा विचार तेथें रुजला. सांगावयास सोपा, करावयास महाकठीण. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर चुंबकधर्मी लोहभस्माचा लेप इतका सारखा बसला पाहिजे कीं कोठें उंचवटा नको, कोठें खळगा नको. जेकब हॅगोपियन या अभियंत्यानें त्यावर शोधलेला तोडगा स्वयंपाकघरांत शोभण्यासारखा होता. लेप बायकांच्या तलम पायमोज्यांतून गाळून घ्यावयाचा, कागदी पेल्यांत मोजून घ्यावयाचा, व फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतावयाचा. बाकीचें काम तिची गतीच करी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला देतात त्या रंगाच्याच जातीचा हा लेप होता, असें सांगतात.

अशा रीतीनें सिद्ध झालेलें यंत्र १९५६ च्या सप्टेंबरांत जगापुढें आलें. त्याचें नांव रॅमॅक. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन सुमारें एक टन. आणि एवढ्या पसाऱ्यांत मावत काय, तर पन्नास लाख अक्षरें, आजच्या मापानें पावणेचार मेगाबाइट. मोबाईलवर काढलेलें एक चांगलेंसें छायाचित्र. संपूर्ण यंत्रणेचें भाडें महिन्याला ३,२०० डॉलर होतें. तबकडीचा पहिला नमुना त्याच वर्षीं जूनमध्यें ज्या गिऱ्हाइकाकडे गेला, ती सॅन फ्रान्सिस्कोंतील झेलरबाख नांवाची कागदाची कंपनी होती. कागदाच्या प्रतिस्पर्ध्याचें पहिलें स्वागत कागदाच्या व्यापाऱ्यानें करावें, हा योगायोग इतिहासाला साजेसाच म्हणावयाचा. १९५९ सालीं सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह सॅन होजेचा तो कारखाना पाहण्यास गेले. तेथें त्यांना हें यंत्र दाखविण्यांत आलें. पण त्यांचें मन जिंकलें तें आपलें ताट आपणच घेऊन जाण्याच्या कारखान्यांतील उपाहारगृहानें, अशी आठवण सांगितली जाते.

यापुढील वीस-पंचवीस वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९६२ सालीं तबकड्यांची चळत यंत्रांतून काढून हातांत घेऊन जातां येऊं लागली. सहा तबकड्यांची ती चळत सुमारें साडेचार किलो भरे. फिरत्या हार्ड डिस्कची खरी आजी तीच. १९७३ सालीं तबकड्या व त्यांवर लिहिणारें-वाचणारें शीर्ष, ज्याला सर्रास हेड म्हणतात, हीं धूळ न शिरेल अशा एकाच पेटींत आलीं. १९८० सालीं सीगेट कंपनीची सव्वापांच इंची डिस्क निघाली, तींत पांच मेगाबाइट मजकूर मावे. म्हणजे खोली भरणारें रॅमॅक चोवीस वर्षांत टेबलाच्या खणांत मावूं लागलें. १९८३ सालीं आय. बी. एम.च्या वैयक्तिक संगणकांत दहा मेगाबाइटची डिस्क घातलेली येऊं लागली, आणि १९८८ सालीं अडीच इंची तबकडी आली. घरच्या डबींत आज फिरते ती हीच.

त्याच १९८८ सालीं पॅरिसजवळ आल्बेर फेर व जर्मनींतील युलिख येथें पेटर ग्र्यूनबेर्ग या दोघांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, एक चमत्कारिक गोष्ट आढळली. धातूंचे अणूंच्या मापाचे पातळ थर एकावर एक ठेवले असतां अगदीं दुबळ्या चुंबकानेंहि त्यांतून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहांत मोठा फरक पडतो. शुद्ध विज्ञानांतील हा शोध बाजारांत येण्यास फार वेळ लागला नाहीं. १९९७ सालीं त्यावर आधारलेलीं शीर्षें डिस्कमध्यें बसलीं. मग तबकडीवरील खुणा पूर्वीपेक्षां कितीतरी बारीक केल्या तरी वाचतां येऊं लागल्या. २००७ सालीं एका डिस्कमध्यें एक टेराबाइट, म्हणजे दहा लाख मेगाबाइट, मावूं लागलें, आणि त्याच सालीं या दोघांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज घरोघर असणारी दोन टेराबाइटची डबी पांच लाखांहून अधिक रॅमॅकांची बरोबरी करते. निरनिराळ्या खोबणींच्या जागीं यू. एस. बी. ही एकच खोबण आली, आणि २००० सालच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीनें तिला वेग दिला. एकाच तारेंतून वीज आणि मजकूर दोन्ही जाऊं लागल्यावर डबी घरांतून घरांत फिरूं लागली.

ही डबी खणांत निमूटपणें पडलेली दिसते खरी. पण चालूं असतांना तिच्या पोटांत काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगानें धांवत असते. तिच्यावरून शीर्ष तरंगतें तें हवेच्या एका थरावर, आणि त्या थराची जाडी केसाच्या जाडीच्या कित्येक हजारांश भागाएवढीच असते. अशा वेळीं डबी टेबलावरून खालीं पडली तर शीर्ष तबकडीला घांसतें, आणि ज्या जागीं घांसलें तेथला मजकूर कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. डबी टिक्‌टिक् असा आवाज करूं लागली कीं जाणते लोक तार काढून ठेवतात, तें याच भीतीनें. उत्पादक तिची हमी दोन-तीन वर्षांचीच देतात, हें खरेदीच्या वेळीं सहसा कोणी वाचीत नाहीं. पुढें यंत्ररहित, केवळ विद्युत्भारावर मजकूर धरून ठेवणाऱ्या डब्या निघाल्या. त्यांना पडण्याचें भय कमी. पण वर्षानुवर्षें वीज न देतां ठेवल्यास तो भार हळूहळू झिरपून जाऊं शकतो.

मजकूर नाहींसा होण्याचें भय जितकें खरें, तितकेंच तो नाहींसा न होण्याचेंहि. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंतील सिमसन गारफिंकेल व अभि शेलत या दोघांनीं बाजारांतून जुन्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या, आणि २००३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालूं स्थितींत असलेल्या १२९ पैकीं अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांतून लोकांचीं पत्रें, वैद्यकीय बाबी आणि हजारों क्रेडिट कार्डांचे आंकडे निघाले. मजकूर खोडला असें संगणक सांगतो तेव्हां तो बहुधा अनुक्रमणिकेंतील ओळ तेवढी पुसतो. पोथी शाबूत असते. जुना संगणक भंगारवाल्याला देणाऱ्या घरांनीं ही तपासणी अवश्य ध्यानांत घ्यावी.

दुसऱ्या प्रतीचें मोल पटवून देणारी हकीकत मात्र सिनेमाच्या धंद्यांतली आहे. पिक्सार कंपनीचा ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट १९९८ सालीं तयार होत असतां, एका चुकीच्या आज्ञेनें त्यांतील पात्रें व देखावे संगणकावरून भराभर पुसले जाऊं लागले. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट उमटल्याच नव्हत्या, हें तेव्हां उघड झालें. तेवढ्यांत गॅलिन सस्मन या तांत्रिक दिग्दर्शिकेला आठवलें कीं तिच्या घरीं एक प्रत आहे. घरीं तान्हें मूल असल्यामुळें ती घरून काम करी, व त्यासाठीं चित्रपटाची प्रत तिच्या घरच्या संगणकावर येत असे. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारींत पट्ट्यानें बांधून, लेकराप्रमाणें जपत कचेरींत आणण्यांत आला, आणि त्यावरून बहुतेक काम परत मिळालें. मोठ्या कंपनीचें दफ्तर घरच्या दफ्तरानें वांचविलें.

अलीकडे पुष्कळ घरें आपलीं छायाचित्रें आकाशांत, म्हणजे क्लाउडवर, ठेवतात. हा शब्द फसवा आहे. तेथेंहि मजकूर तबकड्यांवरच असतो. फरक इतकाच कीं त्या दुसऱ्याच्या घरीं असतात आणि भाडें चालूं असतें. गूगलनें छायाचित्रांसाठीं फुकट दिलेली अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हां अनेकांना या भाड्याची प्रथमच आठवण झाली.

आणि मराठी घरांपुढें तर एक अडचण वेगळीच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील हजारों रुमाल शाबूत आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० च्या आगेंमागें कांहीं वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. उरलेले कागद हातांत घेतां येतात, उलगडतां येतात. पण ते मोडींत आहेत, आणि मोडी वाचणारे मोजके. नेमकी तीच गोष्ट फिरत्या तबकडींत घडली आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, आय. एस. एम. अशा निरनिराळ्या साधनांनीं टंकित होई. प्रत्येकाचे टंक निराळे, आणि मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं. त्या काळीं कोणी आपल्या घराण्याचा इतिहास, कोणी आईच्या ओव्या, कोणी प्रवासवर्णन टंकून ठेवलें. डिस्क चालूं आहे, फाइल उघडते, पण तो टंक संगणकावर नसला तर पडद्यावर रोमन अक्षरें, कंस आणि उद्गारचिन्हें यांची खिचडी दिसते. अशा मजकुराचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारीं साधनें आहेत व तीं चांगलें काम करतात. तरी जोडाक्षरें, रफार आणि पहिल्या-दुसऱ्या वेलांट्या यांत तीं अनेकदां चुकतात. मग मूळ छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते, आणि त्यासाठीं ती छापील प्रत कोणी तरी जपून ठेवलेली असावी लागते.