‘पूर्ण चौकट’ आणि लहान कॅमेरा : एका निवडीचा पूर्वेतिहास

छायाचित्रणाच्या व्यवसायात पडणाऱ्या माणसापुढे आज जो पहिला प्रश्न उभा राहतो तो सामान्यतः असा मांडला जातो : ‘फुल-फ्रेम’ जातीचा भारदस्त व्यावसायिक कॅमेरा घ्यावा, की आरसा नसलेला, खांद्याला ओझे न होणारा छोटा ‘मिररलेस’ कॅमेरा घ्यावा? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. प्रतिमा ज्या पृष्ठावर उमटते त्याचे क्षेत्रफळ किती असावे, हा एक. आणि ती प्रतिमा उमटण्यापूर्वी डोळ्याला कशी दिसावी, आरशातून की अन्य मार्गाने, हा दुसरा. या दोहोंची गाठ इतिहासाने घातली आहे. ती कशी पडली हे पाहिल्यावाचून निवडीचा विचार नीट करता येत नाही.

प्रथम ‘पूर्ण’ या विशेषणाचा विचार करू. आज पूर्ण म्हणून गणली जाणारी चौकट २४ × ३६ मिलीमीटरची आहे. या मापात पूर्णत्वाचा कोणताही गुण उपजत नाही. वेट्झलार येथील लाइट्झ या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात १९११ साली दाखल झालेला ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ १९१४ च्या सुमारास एक खिशात मावणारा कॅमेरा तयार करून बसला होता. त्यासाठी त्याने चलच्चित्राची ३५ मिलीमीटर रुंदीची फिल्म घेतली. चलच्चित्राची चौकट १८ × २४ मिलीमीटरची असते. बार्नाकने फिल्म आडवी फिरवून दोन चौकटींची एक चौकट केली. २४ × ३६ हे माप एवढ्यावरून आले. मध्यंतरी महायुद्ध झाले, चलनाचा ऱ्हास झाला. कॅमेरा बाजारात आणण्याचा निर्णय एर्न्स्ट लाइट्झ (दुसरा) याने १९२४ साली घेतला, आणि १९२५ च्या लाइप्झिग येथील वसंत मेळ्यात ‘लायका’ लोकांसमोर आला. त्याचे ५० मिलीमीटरचे भिंग माक्स बेरेक याने रचलेले होते.

त्या काळच्या व्यावसायिकाच्या दृष्टीने हे खेळणेच होते. काचेच्या मोठ्या प्लेटवरून, किंवा ४ × ५ इंच फिल्मवरून थेट छाप काढण्याची ज्याला सवय, त्याला टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हवरून चित्र मोठे करण्याची कल्पना हास्यास्पद वाटावी यात नवल नाही. शिवाय त्या वेळच्या फिल्मचे कण मोठे असल्याने हसण्याला आधारही होता. आज ज्याला ‘पूर्ण’ म्हणतात त्याला तेव्हा ‘मिनिएचर’, म्हणजे लघुचित्रक, म्हणत असत. ४ × ५ इंचांचे क्षेत्रफळ नाममात्र मापाने २४ × ३६ मिलीमीटरच्या सुमारे पंधरा पट भरते. आजच्या वादात ‘लहान’ ठरणाऱ्या मायक्रो फोर-थर्ड्‌स संवेदकाचे माप १७·३ × १३ मिलीमीटर आहे, आणि ‘पूर्ण’ चौकट त्याच्या चौपटीहूनही थोडी कमीच आहे. म्हणजे बार्नाकच्या पिढीने जी उडी घेतली तिच्या मानाने आजची दरी अरुंदच म्हटली पाहिजे.

तरीही मोठ्या कॅमेऱ्याने सहजासहजी जागा सोडली नाही. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कारखान्याचा ‘स्पीड ग्राफिक’ १९१२ पासून निघत होता, आणि तिकडच्या वृत्तपत्रांत १९५० नंतरही तो सर्रास वापरात होता. इवो जिमा बेटावर ध्वज उभारला जात असतानाचे जो रोझेन्थालचे १९४५ मधील प्रसिद्ध छायाचित्र स्पीड ग्राफिकनेच घेतलेले आहे. तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याने क्षण पकडता येत नाही हा समज खरा नाही. मात्र क्षणाची किंमत मोजावी लागे. फिल्मच्या साध्या पेटीत दोनच पत्रे मावत. एक वापरला की पेटी उलटायची, दुसरा वापरला की पेटी बदलायची, आणि प्रकाश अपुरा असेल तर प्रत्येक वेळी फ्लॅशचा नवा बल्ब बसवायचा. लायकाच्या रिळात छत्तीस चित्रे निघत.

या दोन पद्धतींची तुलना करण्यास दिल्लीतील जानेवारी-फेब्रुवारी १९४८ चे दिवस उपयोगी पडतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ पासून दिल्लीत काम करीत होत्या. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स ही त्यांची ओळखीची साधने. त्याच वेळी आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार लायका घेऊन दिल्लीत होता. गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे दोघांनीही घेतली. कार्तिए-ब्रेसाँचे त्या रात्रीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : बिर्ला भवनाच्या फाटकाशी उंचावर उभे राहून नेहरू जमावाला हत्येची वार्ता सांगत आहेत, दिव्याचा प्रकाश कसाबसा पुरतो आहे, कडा हललेल्या आहेत. स्पष्टतेच्या कसोटीवर हे छायाचित्र उतरणार नाही. फ्लॅशने ते अधिक स्पष्ट आले असते, आणि त्या अंधाराचा अर्थ मात्र गेला असता. उलटपक्षी व्यारावालांनी टिपलेल्या त्या काळच्या सार्वजनिक समारंभांतील चेहऱ्यांवर आणि वस्त्रांवर जो तपशील दिसतो, तो लहान निगेटिव्हमधून त्या काळी क्वचितच मिळता. दोघांपैकी कोणाचे साधन श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. काय टिपायचे हे ठरल्यावर साधन ठरते. परंतु साधन एकदा हाती आले की काय टिपता येईल याला तेही मर्यादा घालते, हे विसरता कामा नये.

आता दुसरा प्रश्न, आरशाचा. मूळच्या लायकामध्ये आरसा नव्हताच. १९३२ च्या ‘लायका २’मध्ये भिंगाशी जोडलेला अंतरमापक आला, छायाचित्रकार भिंगातून न पाहता शेजारच्या खिडकीतून पाही. जवळच्या आणि मध्यम अंतरावरील विषयांना हे पुरे होते, पण दूरच्या वस्तू मोठ्या दाखवणाऱ्या लांब भिंगांच्या बाबतीत ही योजना लंगडी पडू लागली. तेथे आरशाचे महत्त्व आले. १९३६ चा ड्रेस्डेनचा ‘किने एक्झाक्टा’, १९४९ चा पंचकोनी लोलकाचा ‘कॉन्टॅक्स एस’, आणि आरसा आपोआप जागेवर परतवणारा १९५४ चा जपानी ‘आसाहीफ्लेक्स’ हे या वाटेवरील टप्पे होत. १९५९ साली ‘निकॉन एफ’ने या सर्व सोयी एका भक्कम यंत्रात एकत्र आणल्या, त्यानंतरच्या दोन दशकांत ‘व्यावसायिक कॅमेरा’ म्हणजे आरशाचा, २४ × ३६ चौकटीचा कॅमेरा, हे समीकरण रूढ झाले. आरसा हलण्यासाठी भिंग आणि फिल्म यांच्यात जागा सोडावी लागते. निकॉनमध्ये हे अंतर ४६·५ मिलीमीटर आहे, लायकाच्या एम मालिकेत २७·८. आरशाच्या कॅमेऱ्यांची रुंद कोनाची भिंगे गुंतागुंतीची आणि जड का होत, याचे कारण बव्हंशी या अंतरात आहे.

त्याच १९५९ साली जपानमध्येच योशिहिसा माइतानी याने ओलिंपससाठी ‘पेन’ हा कॅमेरा रचला. त्याची चौकट १८ × २४ मिलीमीटरची होती. बार्नाकने दुप्पट केलेली चौकट माइतानीने पुन्हा अर्धी केली आणि एका रिळात बहात्तर चित्रे बसवली. मोठे आणि लहान ही दोन टोके एकाच वर्षी, एकाच देशात नव्याने मांडली गेली.

‘फुल-फ्रेम’ ही संज्ञा खऱ्या अर्थाने प्रचारात रुळली ती अंकीय कॅमेरे आल्यावर. सिलिकॉनच्या चकतीवर संवेदक जितका मोठा तितके एका चकतीतून कमी संवेदक निघतात, आणि दोषामुळे वाया जाणाऱ्यांचे प्रमाणही वाढते. म्हणून आरंभीचे संवेदक जुन्या चौकटीहून लहान होते. १९९९ च्या ‘निकॉन डी १’वर २८ मिलीमीटरचे जुने भिंग ४२ मिलीमीटरच्या भिंगाइतकेच दृश्य टिपू लागले. ज्यांच्या कपाटात आयुष्यभराची भिंगे होती त्यांना आपल्या दृश्याचा तुकडा कापला गेल्यासारखे वाटले, आणि न कापलेले ते ‘पूर्ण’ ठरले. २००२ मध्ये ‘कॉन्टॅक्स एन डिजिटल’ व कॅननचा ‘ईओएस-१ डीएस’, २००५ मध्ये त्याचाच ‘५ डी’ आणि २००७ मध्ये ‘निकॉन डी ३’ यांनी ही उणीव भरून काढली. पूर्णत्वाची ही कल्पना भिंगांच्या जुन्या संग्रहातून निघाली आहे, ही गोष्ट खरेदीदाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्यापाशी तसा संग्रहच नाही त्याला या शब्दाचे एवढे दडपण बाळगण्याचे कारण नाही.

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा ‘जी १’ आला. आरसा गेला, त्याच्या जागी विद्युत दृश्यदर्शक आला. २००९ मध्ये ओलिंपसने आपल्या नव्या कॅमेऱ्याला ‘पेन’ हेच जुने नाव दिले. या कॅमेऱ्यांचा लहानपणा आरसा गेल्यामुळे आला, असा समज तेव्हापासून पसरला. तो अर्धाच खरा आहे. कॅननचे आरशाच्या कॅमेऱ्यासाठी केलेले ७०–२०० मिलीमीटर, एफ/२·८ चे २०१० मधील भिंग १४९० ग्रॅम वजनाचे होते. सोनीने २०१६ मध्ये आरसाविरहित पूर्ण चौकटीसाठी केलेले त्याच जातीचे भिंग १४८० ग्रॅम भरले. सहा वर्षांत आणि आरशाच्या लोपाने दहा ग्रॅमांची बचत झाली! याउलट लहान संवेदकासाठी पॅनासॉनिकने २०१२ मध्ये काढलेले ३५–१०० मिलीमीटरचे, तेवढेच दृश्य टिपणारे एफ/२·८ चे भिंग केवळ ३६० ग्रॅमचे होते. लांब भिंगांचे वजन प्रतिमाक्षेत्राशी बांधलेले आहे. अर्थात हे हलकेपण फुकट मिळत नाही. समान उघडझापीला लहान संवेदकावर एकूण प्रकाश सुमारे एकचतुर्थांश पडतो, त्यामुळे मंद प्रकाशातील चित्रात खरखर साधारणतः दुपटीने जाणवते, आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची शक्तीही पूर्ण चौकटीवरील एफ/५·६ एवढीच राहते. लग्नमंडपात किंवा रंगभूमीवर काम करणाऱ्याला हा फरक दररोज भासेल. उन्हात डोंगर चढणाऱ्याला तो वर्षातून दोनदाही भासणार नाही.

आरसा आणि क्षेत्रफळ यांची जुनी गाठ वस्तुतः २००९ च्या ‘लायका एम ९’नेच सोडवली होती, कारण तो पूर्ण चौकटीचा असूनही त्यात आरसा नव्हता. बाजाराला ते उमगले २०१३ साली, सोनीचा ‘अल्फा ७’ बॅटरीसह ४७४ ग्रॅम वजनात पूर्ण चौकट घेऊन आला तेव्हा. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन त्या वाटेला लागले, आणि २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीचे कॅमेरे स्वीकारल्याचे जाहीर केले. लहान संवेदकाचा जुना पुरस्कर्ता ओलिंपस मात्र कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला.

व्यावसायिकाचा कॅमेरा या स्थित्यंतरात हलका झाला काय, याचे उत्तर निकॉनच्याच दोन यंत्रांवरून मिळते. २०१२ चा ‘डी ४’ आरशाचा, आणि २०२१ चा ‘झेड ९’ आरसाविरहित. बॅटरी व स्मृतिपत्र घालून दोन्ही सुमारे १३४० ग्रॅमच भरतात. मोठी बॅटरी, उभ्या चित्रांसाठी वेगळी मूठ आणि धूळपाण्यापासून संरक्षण या गोष्टी व्यावसायिकाने आरसा गेल्यावरही सोडल्या नाहीत. वजन आरशाचे होते त्याहून अधिक त्यांचे होते.