पिंपरीचे पेनिसिलीन आणि अन्ननलिकेचा दाह : इंजेक्शनच्या औषधाचा स्थानिक इतिहास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रायः वाहन उद्योगाकडे वळते. वस्तुतः टेल्को आणि बजाज या परिसरात येण्यापूर्वीच पिंपरीच्या माळावर इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना उभा राहिला होता. आज अन्ननलिकेच्या एका जुनाट दाहावर दर आठवड्याला टोचावयाचे औषध उपलब्ध झाले असून, दीर्घ मुदतीच्या आजारात रुग्णाने नियमित इंजेक्शन घेणे ही नवलाची बाब मानली जाते. ती तितकी नवी नाही, आणि तिच्या पूर्वेतिहासाचा एक महत्त्वाचा भाग याच परिसरात घडला, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पिंपरीचा कारखाना

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात पेनिसिलीन परदेशातून येत असे. हे औषध देशात व शासनाच्या मालकीच्या कारखान्यात तयार व्हावे, असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखे हे अग्रभागी होते. १९५१ मध्ये भारत सरकारने युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्याशी करार केला. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, तर संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादनास आरंभ झाला. औषधनिर्मितीतील केंद्र सरकारचा हा पहिला कारखाना होय.

या मदतीचे ऐतिहासिक महत्त्व यंत्रांपुरते मर्यादित नव्हते. आंतरराष्ट्रीय संस्थांकडून तंत्रज्ञान मिळाल्यामुळे पेनिसिलीनच्या बाबतीत खासगी परदेशी कंपनीच्या गुप्त प्रक्रियेवर विसंबून राहावे लागले नाही. पुढे स्ट्रेप्टोमायसीनसाठी मात्र मर्क या अमेरिकन कंपनीशी करार करावा लागला, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पिंपरीत केवळ उत्पादन झाले असेही नाही. येथील प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसीन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. त्याच्या नावातील ‘हॅ’मध्ये कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पिकांवरील बुरशीसाठीचे ऑरिओफंगिन हेही येथलेच. कारखान्याभोवती कामगार वसाहत वाढली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका.

टोचण्याचे कारण

पेनिसिलीन टोचावे का लागते? मूळ बेंझिल पेनिसिलीन जठरातील आम्लात बरेचसे नष्ट होते, म्हणून ते तोंडावाटे देणे उपयोगाचे नसते. शिवाय ते शरीरातून त्वरेने बाहेर पडत असल्याने दर काही तासांनी सुई घ्यावी लागे. प्रोकेन पेनिसिलीनमुळे हे अंतर एक दिवसापर्यंत वाढले, आणि बेंझाथिन पेनिसिलीनमुळे तीन ते चार आठवड्यांपर्यंत. पिंपरीचे ‘लाँगॅसिलीन’ या शेवटच्या प्रकारातले होते. घशातील जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो. तो पुन्हा उद्भवू नये म्हणून मुलांना वर्षानुवर्षे हे इंजेक्शन द्यावे लागते. म्हणजे महिन्याच्या ठरावीक दिवशी मुलाला दवाखान्यात नेणारी आई ही आजच्या आठवडी इंजेक्शनवाल्या रुग्णाची पूर्वसूरी होय. इतिहासलेखनात तिची नोंद अभावानेच सापडते.

अन्ननलिकेचा दाह

इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस हा स्वतंत्र आजार म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी वर्णिला गेला. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात, अस्तर कठीण होत जाते आणि घास अडकू लागतो. आपल्याकडे असा रुग्ण ‘पित्त आहे’ म्हणून वर्षानुवर्षे आम्लरोधक गोळ्या घेतो, पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवितो, समारंभातले जेवण टाळतो. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासल्याखेरीज निदान होत नाही. आम्ल कमी करणारी औषधे, गिळावयाचे स्टेरॉइड आणि दूध, गहू यांसारखे पदार्थ वर्ज्य करणे हे उपचाराचे रूढ मार्ग आहेत.

मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्युपिल्युमॅब या प्रतिपिंडास या आजारासाठी मान्यता दिली, प्रथम १२ वर्षांवरील रुग्णांसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरील बालकांसाठी. इंटरल्युकिन-४ व १३ या दाह वाढविणाऱ्या संदेशद्रव्यांचा मार्ग ते रोखते. चाचणीत २४ आठवड्यांनंतर साप्ताहिक इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांच्या अस्तरातील पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. हे औषध प्रथिन असल्याने पोटात गेल्यास पचून जाते. आजार अन्ननलिकेचा, परंतु औषधाला अन्ननलिकेची वाट बंद, असा हा विचित्र प्रकार आहे. उपचार थांबविल्यास दाह परतण्याची शक्यता असते. साहजिकच प्रश्न किमतीचा येतो, आणि चाकणच्या एखाद्या कंत्राटी कामगाराला हा खर्च दर आठवड्याला झेपणारा नाही.

येथे पिंपरीचा उत्तरकाळ आठवावा लागतो. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले होते. २००५ पासून ते पुन्हा देण्यात येऊ लागले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९९० च्या दशकात आजारी उद्योगांत गणली गेली. स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलीन-जीचे उत्पादन टिकले नाही, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारला त्याच पेनिसिलीन-जीसाठी प्रोत्साहन योजना आखावी लागली. ज्या वस्तूसाठी पिंपरीचा कारखाना उभारला, तीच आयात करण्याची पाळी साठ वर्षांत आली. याला केवळ कारखान्याची अकार्यक्षमता जबाबदार धरणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. किंमत-नियंत्रण एकीकडे आणि आयातीची मोकळीक दुसरीकडे, अशा कात्रीत कारखाना सापडला होता.

दरम्यान चाकण औद्योगिक क्षेत्रात एन्झीन बायोसायन्सेसच्या पोलादी टाक्यांत बुरशीऐवजी सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढविल्या जातात आणि प्रतिपिंडांची जैवसमरूप औषधे तयार होतात. तंत्राच्या दृष्टीने हा पिंपरीचाच वंशविस्तार म्हणता येईल. मालकी आणि किंमत ठरविण्याचा अधिकार मात्र शासनाकडे नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकण्यास मान्यता दिली. जमिनीबरोबर प्रयोगवह्या, उत्पादन-नोंदी आणि वसाहतीतील कागदपत्रे यांचे काय होणार, याची चर्चा कोठेही आढळत नाही. साठच्या दशकात किण्वन विभागात रुजू झालेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखतींचे काम याच शैक्षणिक वर्षात हाती घ्यावयास हवे.