ॲन्सिलस सरोवर : गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि बाल्टिक समुद्राचा इतिहास

बाल्टिक समुद्राच्या हिमयुगोत्तर इतिहासाचे सामान्यतः सहा कालखंड मानले जातात. त्यांपैकी पहिल्यास बाल्टिक हिमसरोवर असे नाव आहे. उरलेले पाचही कालखंड मृदुकाय प्राण्यांच्या नावांनी ओळखले जातात. योल्डिया आणि माया हे शिंपले. ॲन्सिलस, लिटोरिना आणि लिम्निया या गोगलगायी. त्यांतही लिटोरिना तेवढी समुद्रातील, बाकीच्या दोन्ही मूळच्या गोड्या पाण्यातील. एका समुद्राच्या कालगणनेत नदीनाल्यांतील प्राण्यांना हे स्थान कसे मिळाले, याचा शोध घेऊ लागले असता अठराव्या शतकातील एका मोठ्या वादापर्यंत जावे लागते. पाणी ओसरते की भूमी वर येते, असा तो वाद होता; आणि त्याच्या अखेरीस या क्षुद्र प्राण्यांच्या कवचांनी जी साक्ष दिली, ती दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही कल्पनेत नव्हती.

बॉथनियाच्या आखाताचा किनारा हळूहळू मागे हटत आहे, ही गोष्ट तेथील कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना शास्त्रज्ञांच्या फार पूर्वीपासून ठाऊक होती. बंदरे उथळ होत, गलबते धक्क्यास लागेनाशी होत, पूर्वी जेथे जाळी टाकीत तेथे पुढे गवत कापावयास मिळे. ज्या खडकांवर सील प्राणी येऊन पहुडत, त्यांची मालकी शिकारीच्या दृष्टीने मोलाची असे. परंतु काही पिढ्यांनंतर असा खडक पाण्याबाहेर इतका वर येई की सील त्यावर चढत नसत. अशा खडकांसंबंधीची जुनी कागदपत्रे आणि लोकांच्या आठवणी गोळा करून आंद्रेस सेल्सियस याने या बदलाचे प्रमाण काढण्याचा यत्न केला. तापमापकामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, तोच हा उप्सालाचा ज्योतिर्विद. १७३१ साली येव्ले शहराजवळील लोव्हग्रुंड बेटावर एका खडकावर त्याने तत्कालीन जलपातळीची खूण कोरविली, आणि १७४३ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. शतकास सुमारे साडेचार फूट, असे प्रमाण त्याने दिले. कारण मात्र त्याने पाण्यात शोधले: समुद्राचे पाणी घटत आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी कार्ल लिनीयस याने कोरड्या भूमीच्या वाढीवर जे व्याख्यान दिले, त्यातही आदिकाळी सर्व प्राणी आणि वनस्पती एकाच बेटावर होत्या व पाणी हटत गेले तशी त्यांना भूमी मिळत गेली, अशीच कल्पना होती.

हा विषय धर्मपीठास मानवणारा नव्हता. पाणी सतत घटत असेल, तर मागे मोजीत जाता पृथ्वीचे वय आणि जलप्रलयाची कथा या दोहोंसंबंधी अडचणीचे प्रश्न उभे राहतात. ओलोफ डालिन याने आपल्या स्वीडनच्या इतिहासात याच मताचा आधार घेऊन प्राचीन काळी देशाचा मोठा भाग पाण्याखाली होता असे लिहिले, तेव्हा १७४७ च्या राज्यसभेत धर्मगुरूंच्या वर्गाने त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे १७५५ साली तुर्कूचा बिशप योहान ब्रोवालियस याने जलक्षयाच्या मताचे खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ब्रोवालियस हा केवळ रूढीचा कैवारी नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. तो स्वतः निसर्गशास्त्राचा अभ्यासक आणि लिनीयसचा स्नेही होता, आणि सर्व समुद्र एकमेकांस जोडलेले असता एकाच समुद्राचे पाणी कसे घटेल, ही जलक्षयाच्या मतापुढील अडचण काही काल्पनिक नव्हती.

शंखशिंपल्यांचा पुरावा या वादात प्रथम आला तो समुद्री शिंपल्यांच्या रूपाने. १७४६ साली पश्चिम स्वीडनमधील प्रवासात लिनीयसने उड्डेवाला गावाजवळच्या टेकड्यांवर शिंपल्यांचे प्रचंड थर पाहिले. आजच्या समुद्रपातळीपासून सुमारे २०० फूट उंचीवर, आणि तरीही थर इतके जाड की लोकांनी ते खणून नेऊन उपयोगात आणावेत! समुद्र तेथे होता एवढे यावरून निर्विवाद ठरले. तो गेला कसा, हे मात्र शिंपले सांगू शकत नव्हते.

लिनीयसचे दुसरे कार्य त्या वेळी या प्रश्नापासून फार दूरचे वाटले असेल. स्वीडनमधील प्राण्यांची त्याची सूची १७४६ साली निघाली, आणि १७५८ साली त्याने प्राण्यांना द्विपदी नावे देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. आज आपण ज्या नावांनी उत्तर युरोपातील कित्येक गोगलगायी ओळखतो, ती नावे त्या वर्षीची आहेत. त्याने गोगलगायींना जे वंशनाम दिले ते मात्र फार सैल होते. जमिनीवरची आणि तळ्यातली अशा दोन्ही प्रकारची गोगलगाय त्याच्या लेखी ‘हेलिक्स’च. ही गाठ सोडविली कोपनहेगनच्या ओटो फ्रीड्रिख म्यूलर याने. १७७३ व १७७४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने भूचर आणि गोड्या पाण्यातील प्राण्यांचा स्वतंत्र विचार केला, कवचाबरोबर आतल्या जिवंत प्राण्याचेही निरीक्षण नोंदविले, आणि अनेक जातींना प्रथमच नावे दिली. ‘ॲन्सिलस फ्लुव्हिआटिलिस’ ही त्यांपैकी एक.

ही गोगलगाय दिसण्यात गोगलगायीसारखी नाही. तिच्या कवचाला वेढे नसतात; लहानशा टोपीसारखे ते असते, आणि टोपीचे टोक एका बाजूस वाकलेले असते. ॲन्सिलस हे नाव ‘वाकडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले ते यामुळेच. लांबी जेमतेम पाच ते आठ मिलिमीटर. ती गाळात किंवा साचलेल्या पाण्यात राहत नाही. वाहत्या ओढ्यातील अथवा लाटा आदळणाऱ्या सरोवरकाठच्या दगडांना ती चिकटून असते, कारण तिला प्राणवायूने भरलेले पाणी लागते. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात ती सहसा सापडत नाही. तिच्याबरोबर नेहमी आढळणाऱ्या इतर काही गोगलगायी मात्र इतक्या काटेकोर नाहीत. थिओडोक्सस फ्लुव्हिआटिलिस ही नदीतही राहते आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावरही. ज्या लिम्नियाला लिनीयसने ‘बाल्टिका’ असे नाव दिले, तीही निमखारे पाणी सहन करते. हा भेद पुढे निर्णायक ठरला.

स्वीडनमधील भूचर व गोड्या पाण्यातील गोगलगायींचा पहिला स्वतंत्र ग्रंथ १८२२ साली लुंडच्या स्वेन निल्सन याने लिहिला. निल्सनचे नाव आज प्राणिशास्त्रापेक्षा पुरातत्त्वात अधिक घेतले जाते, कारण स्कँडिनेव्हियाच्या आदिवासींवरील त्याचा ग्रंथ पुढे फार प्रसिद्धीस आला. किनाऱ्यांच्या प्रश्नातही त्याने मोलाची भर घातली. दक्षिणेकडील स्कोने प्रांतात समुद्र मागे हटत नसून उलट आत येत आहे, हे त्याने दाखविले. ट्रेलेबोर्गजवळच्या एका मोठ्या दगडाचे समुद्रापासूनचे अंतर लिनीयसने १७४९ साली मोजून ठेवले होते. १८३६ साली पुन्हा मोजता ते सुमारे १०० फुटांनी कमी भरले. उत्तरेस पाणी ओसरते आणि दक्षिणेस चढते, असे एकाच समुद्राच्या बाबतीत होणार नाही. हलते आहे ती जमीनच.

भूमी वर येत असावी, हे मत जॉन प्लेफेअर याने १८०२ साली मांडले होते आणि लेओपोल्ड फॉन बूख याने स्कँडिनेव्हियाच्या प्रवासानंतर त्यास पुष्टी दिली होती. चार्ल्स लायेल आरंभी साशंक होता. १८३४ साली तो स्वतः स्वीडनला गेला, खडकांवरील खुणा तपासल्या, उड्डेवालाचे थर पाहिले, आणि शंका सोडून परतला. त्याच्या निरीक्षणातील एक गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. उड्डेवालाच्या थरांत महासागरातील शिंपले होते. परंतु सोडरटेल्येसारख्या बाल्टिककडील ठिकाणी वर आलेल्या थरांत आजच्या बाल्टिकप्रमाणेच मचूळ पाण्यातील खुरटे शिंपले आणि त्यांत मिसळलेल्या गोड्या पाण्याच्या गोगलगायी होत्या. म्हणजे बाल्टिक पूर्वीही आजच्यासारखाच होता, फक्त अधिक विस्तीर्ण, असा समज या पुराव्यातून दृढ झाला. भूमी का उचलली जाते, याचे उत्तर १८६५ साली स्कॉटलंडमधील टॉमस जेमीसन याने सुचविले: हिमाच्या भाराने दबलेले भूकवच तो भार गेल्यावर पूर्ववत होऊ पाहते. आता सारे जुळल्यासारखे दिसत होते. हिम वितळले, समुद्र आत आला, भूमी वर येऊ लागली आणि समुद्र आकसत गेला.

या सरळ कथेत खंड पडला तो एस्टोनिया आणि गॉटलंड येथे. एस्टोनियातील भूशास्त्रज्ञ फ्रीड्रिख श्मिट याला आजच्या किनाऱ्यापासून दूर आणि उंच असलेल्या गोट्यांच्या बांधांत गोड्या पाण्यातील गोगलगायी मिळाल्या. त्यांत ॲन्सिलस होती. बांध तर निःसंशय मोठ्या पाण्याच्या लाटांनी रचलेला, आणि त्यातील प्राणी मात्र ओढ्यातला! १८८७ साली हेन्रिक मुंथे याने गॉटलंड बेटावर अशाच बांधांचा अभ्यास केला. तेथे ॲन्सिलसचे थर लिटोरिनाच्या थरांखाली होते, म्हणजे कालदृष्ट्या आधीचे. एखाद्या नदीच्या मुखाशी गोड्या पाण्याचे प्राणी समुद्रकाठी सापडू शकतात, हा आक्षेप सहज घेता आला असता. परंतु गॉटलंडवर तशी मोठी नदी नाही, आणि भर समुद्रातील बेटाच्या किनाऱ्यावर, तसेच समुद्रापलीकडे एस्टोनियातही, एकाच प्रकारच्या बांधांत तीच गोगलगाय मिळते, याचा अर्थ एकच होता: मधले सारे पाणी गोडे होते. बाल्टिक हा काही काळ समुद्र नव्हताच. ते एक अफाट सरोवर होते. थिओडोक्सस किंवा लिम्निया यांवर हे अनुमान उभारता आले नसते, कारण त्या आजही बाल्टिकच्या काठी सुखाने राहतात. ॲन्सिलसच्या आवडीनिवडी कडक, म्हणून तिची साक्ष ग्राह्य.

हा शोध या दोन ठिकाणी लागला, यामागेही कारण आहे. गॉटलंड आणि उत्तर एस्टोनिया ही चुनखडीची भूमी. तेथे भूचर गोगलगायी विपुल, आणि मेलेल्यांची कवचे जमिनीत टिकतात. स्वीडनच्या ग्रॅनाइटी मुलखात मातीतील आम्लामुळे नाजूक कवच विरून जाते. रोनेबीच्या कार्ल आगार्ड वेस्टरलुंड याने १८७१ ते १८७३ या काळात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांतील भूचर व गोड्या पाण्यातील गोगलगायींचा जो मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यासारख्या सूचींमुळे कोणती जात कोठे व कशा पाण्यात राहते हे भूशास्त्रज्ञांना आयते उपलब्ध झाले. निव्वळ नावे लावण्याचे काम म्हणून ज्याची उपेक्षा होते, त्या परिश्रमांवाचून मुंथेच्या हातातील कवच मुकेच राहिले असते. जेथे कवचे टिकली नाहीत तेथे पुढे डायाटम या सूक्ष्म शैवलांच्या सिकतामय सांगाड्यांनी उणीव भरून काढली. उप्सालाच्या पेर टेओडोर क्लेव्ह याने आणि त्याची कन्या आस्ट्रिड क्लेव्ह-ऑयलर हिने या अभ्यासात मोठे कार्य केले, जरी बाल्टिकच्या इतिहासासंबंधी तिची मते सहकाऱ्यांना बहुधा मान्य झाली नाहीत.

आजच्या कालमापनानुसार या घटनांचा क्रम असा दिसतो. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी मध्य स्वीडनमधील बिलिंगेन टेकडीपाशी हिमाचा बांध सुटला आणि हिमसरोवराची पातळी पंचवीस मीटरांहून अधिक खाली आली. महासागराशी संबंध जोडला गेला; हाच योल्डिया समुद्र, जरी त्याचे पाणी खरोखर खारे असण्याचा काळ फार थोडा होता. मग उचलल्या जाणाऱ्या भूमीनेच मध्य स्वीडनमधील सामुद्रधुनी बंद केली आणि सुमारे १०,७०० वर्षांपूर्वी ॲन्सिलस सरोवर निर्माण झाले. उत्तरेकडील भूमी वेगाने वर येत असल्याने पाणी दक्षिणेकडे कलले व तेथील किनारे सुमारे १० मीटर बुडाले.

या बुडण्याची झळ माणसांनाही लागली. एस्टोनियात पेर्नु नदीच्या काठी पुल्ली येथे १९६७ साली जी मध्याश्मयुगीन वस्ती सापडली, ती सुमारे ११,००० वर्षांपूर्वीची, त्या देशातील ज्ञात वस्त्यांत सर्वांत जुनी. तिच्यावर ॲन्सिलस सरोवराच्या वाढत्या पाण्याने आणलेले थर पसरलेले आहेत, आणि त्यांच्याखालीच ती सुरक्षित राहिली. डेन्मार्कमधील शेलंड बेटावर १९०० साली गेओर्ग साराऊ याने उत्खनन केलेली माग्लेमोसेची वस्तीही स्थूलमानाने याच सरोवराच्या काळातील संस्कृतीची. त्या काळी शेलंड हे बेट नव्हते.

सरोवराचे पाणी कोठून बाहेर पडले, या प्रश्नाने मात्र संशोधकांना बराच चकवा दिला. लेनार्ट फॉन पोस्ट याने १९२० नंतरच्या दशकात स्वीडनमधील डेगेरफोर्स येथे एका महानदीचा मार्ग मानला आणि तिला स्वेआ नदी असे नाव दिले. तेथील खडकांतील प्रचंड रांजणखळगे पाहून ही कल्पना पुष्कळांना पटली. पुढे ते खळगे हिम वितळतानाच्या प्रवाहांनी कोरलेले असल्याचे दिसून आले. त्यानंतर डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून वाहणाऱ्या नदीची कल्पना पुढे आली, पण समुद्रतळाच्या संशोधनात तेथे महापुराच्या खुणा मिळाल्या नाहीत. सरोवराचा शेवट सावकाश झाला असावा, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. वाढत्या महासागराचे पाणी दक्षिणेकडून आत शिरू लागले, आणि लिटोरिना शंख आज जेथे जगू शकत नाही अशा उत्तर व पूर्व किनाऱ्यांपर्यंत पोचला. तो पुन्हा मागे हटला तेव्हा लिम्नियाचा काळ आला.

शेवटच्या कालखंडाला ज्या माया शिंपल्याचे नाव आहे, तो कोलंबसानंतर अमेरिकेतून जहाजांबरोबर आला असे मानीत. परंतु १९९२ साली डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील काही शिंपल्यांचा काळ तेराव्या शतकाइतका मागे जातो असे प्रसिद्ध झाल्यापासून नॉर्स दर्यावर्दींकडे बोट दाखविले जाते. शास्त्रीय नावेही दरम्यान बदलली: योल्डिया आता पोर्टलँडिया आहे, आणि ‘बाल्टिका’ ही लिम्निया वंशातून केव्हाच बाहेर गेली. कालखंडांची नावे तेवढी जुनीच राहिली आहेत.

भूमीचे उत्थान थांबलेले नाही. स्वीडन आणि फिनलंड यांमधील क्वार्केन या उथळ सामुद्रधुनीच्या परिसरात ते आजही वर्षास सुमारे ८ मिलिमीटर आहे, आणि याच गतीने सुमारे दोन हजार वर्षांत ती बंद होऊन तिच्या उत्तरेकडील आखात सरोवर होईल असा अंदाज केला जातो. तेथील पाण्यातील क्षार आताच इतके कमी आहेत की समुद्रकाठच्या दगडांवर लिनीयसची ‘बाल्टिका’ गोड्या पाण्यातील इतर गोगलगायींच्या शेजारी चरताना आढळते.