मद्यपान करून वाहन चालवल्याचा आरोप आणि बचाव

मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवल्याचा आरोप आला असता आरोपीला मिळणारे कायदेशीर हक्क आणि त्याला न्यायालयात मांडता येणारे मुद्दे. भारतात हा गुन्हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली येतो.

गुन्हा व शिक्षा : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा आहे. अमली पदार्थांसाठी अशी मर्यादा नाही; वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा तडजोडपात्र नाही. त्यामुळे रस्त्यावर चलन भरून प्रकरण मिटत नाही, न्यायालयात जावेच लागते.

तपासणी : गणवेशातील पोलीस ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकायला सांगू शकतात. अटक झाल्यास २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास आरोपीला सोडावे लागते (कलम २०२). स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरने किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. सबळ कारणाशिवाय नमुना नाकारणे आरोपीच्याच विरोधात जाते (कलम २०५).

बचावाचे मुद्दे : गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. गाडी कोण चालवत होते, यंत्र मान्यताप्राप्त होते का, तपासणीची वेळ नोंदली आहे का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारले जातात. रक्ताच्या नमुन्यात बारकाव्यांना फार महत्त्व असते. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटने पुसली असेल, कुपीत सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक नसेल किंवा रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत सील व नोंदी जुळत नसतील, तर अहवालाचे मोल घटते. वांद्र्यातील २००२ च्या अपघातप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये अभिनेता सलमान खान यांची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा रक्ताच्या नमुन्याबाबतच्या शंका विचारात घेतल्या गेल्या. २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. नमुन्याची चोख हाताळणी आरोपीइतकीच अपघातग्रस्तांच्या न्यायासाठीही आवश्यक आहे. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजलेल्या मद्यामुळे कृत्य समजण्याची शक्तीच गेली असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २३ संरक्षण देते. स्वखुशीने प्यायलेल्याला ते मिळत नाही.

मृत्यू घडल्यास : निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास संहितेच्या कलम १०६ (१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परिणामाची जाणीव असल्याचे सिद्ध झाले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये ७ मजुरांचा बळी घेणाऱ्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याच गुन्ह्याखालील ३ वर्षांची शिक्षा कायम केली.

नाकाबंदीतील वाद : पोलिसाशी झटापट झाली की ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याचा, म्हणजे संहितेच्या कलम १३२ चा, अजामीनपात्र गुन्हा नोंदवला जातो. त्यासाठी हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग सिद्ध व्हावा लागतो. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, असे संहिताच सांगते. त्यामुळे सीसीटीव्ही आणि मोबाइलवरील चित्रण वेळेत जपून ठेवणे बचावाला मोलाचे ठरते.

वकिलाची मदत : अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो.